पाच अक्षरांची हजेरी

गाडी बडनेऱ्याला उभी होती आणि दादा खिडकीत बसला होता. तो इंजिनिअरिंगला पुण्याला निघाला होता, घरातून बाहेर पडणारा पहिलाच. बाबांनी निरोपाचं काही बोलायच्या ऐवजी त्याला कोडं घातलं. "इंग्रजी शब्द. पाच अक्षरं. ए आणि आर दोन्ही पायजेत." दादा लगेच म्हणाला, "ट्रेन!" बाबा असे खूश झाले की खिडकीतून हात घालून त्याची पाठ थोपटली. आई त्यांच्या मागे डब्याची पिशवी धरून उभी होती. आत पोळ्या, बेसन आणि मिरचीचा ठेचा. "पोचला का फोन कर बरं," ती म्हणत होती, पण ते दोघं शब्दांत रमले होते. गाडी हलली तेव्हा ती पिशवी मीच पळत जाऊन आत ढकलली.

दादा, हे तुझ्यासाठी लिहितेय. फोनवर बोलले तर भांडण होईल, आणि भांडताना तू इंग्रजीत शिरतोस.

बाबा भातकुलीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. अमरावतीच्या आपल्या घरात रात्रीच्या जेवणाचा एक नियम होता. बाबा दोन अक्षरं सांगणार, ती असलेला पाच अक्षरांचा शब्द जो सांगेल त्याच्या ताटात पहिली गरम भाकर. ब्रेड, हार्ट, शुगर, वॉटर. आपण चुलीपुढं ओरडत असायचो आणि आई भाकरी थापत असायची. एकदा तिनं विचारलं, "मले सांगा नं, कसं खेळतात हे?" बाबा हसत म्हणाले, "तुले नाई समजत. तू भाकर वाढ." आपणही हसलो. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे मला माहीत आहे. पण त्या शब्दांवर आपण दोघं मोठे झालो, परीक्षा पास झालो, घर सोडून गेलो, आणि ती मात्र स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाहुणी राहिली. याचा मला आता राग येतो. बाबा गेले म्हणून तो कमी होत नाही.

मीही मग पुण्याला आले. होस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात मी "अभ्यास करून राहिली" म्हणाले आणि खोलीतल्या मुली पोट धरून हसल्या. दिवाळीला घरी गेले तेव्हा माझं बोलणं असं काही बदललं होतं की आई म्हणाली, "टीव्हीवरल्या बाईसारखी बोलून राहिली तू." तिला कौतुक वाटत होतं. आता मी ऑफिसात दिवसभर कॉल आणि डेडलाइनच्या भाषेत बोलते. तू टोरांटोला स्थायिक झालायस. तुझ्या मुलाला आजीचं बोलणं समजत नाही, आणि तू ते हसत हसत सांगतोस.

बाबा गेल्यावर तू व्हॉट्सॲपवर आपल्या तिघांचा ग्रुप काढलास. फोनवर तो पाच अक्षरांचा खेळ असतो ना, रोज एक शब्द ओळखायचा, तो आपण दोघं खेळतो. बाबांची आठवण म्हणून. अक्षर बरोबर जागी बसलं तर हिरवा चौकोन, जागा चुकली तर पिवळा. त्या चौकोनांचं चित्र ग्रुपवर टाकायचं, की त्या दिवसाचं आपलं बोलणं संपलं. सुरुवातीला आईनं विचारलं होतं, "हे हिरवे-पिवळे डब्बे काय व्हय?" तू लिहिलंस, "सोड ग आई, तुला नाही समजणार."

आईनं त्यांचा अर्थ स्वतःच लावून घेतला. डबे आले, म्हणजे पोरं उठली, बरी आहेत. माझे सकाळी येतात, तुझे तिच्या दिवाबत्तीच्या वेळी, तेव्हा तुझ्याकडं उजाडतं. एका संध्याकाळी तुझे आले नाहीत तर तिनं घाबरून तुला फोन लावला. तू मीटिंगमध्ये होतास, चिडलास. आणि रोज त्या चौकोनांच्या खाली ती एकेक अक्षर शोधून लिहायची, "जेवले काय?" आपण उत्तर देत नव्हतो. द्यायचं असतं, हेच आपल्या डोक्यात येत नव्हतं.

गेल्या महिन्यात ती न्हाणीत पडली. उजवं मनगट मोडलं, कंबरेला मार बसला. शेजारच्या काकूंनी दवाखान्यात नेलं. हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे "जेवले काय?" येणं बंद झालं. दादा, आपल्यापैकी कुणाच्या लक्षात आलं? आपले चौकोन चालूच होते. दोन दिवसांनी काकूंनी आईचं न ऐकता मला फोन केला. "बाई, तुह्या मायचा हात मोडला. तुमाले काईच मायीत नाही काय?" एवढी लाज मला त्या हसणाऱ्या मुलींपुढंही वाटली नव्हती.

मी पोचले त्या संध्याकाळी तू ग्रुपवर लांबलचक इंग्रजी लिहिलंस. आईला पुण्याला हलवू, घराला कुलूप लावू, पुढं गिऱ्हाईक बघू. त्याच ग्रुपवर, जिथं ती आहे. ती डाव्या हातानं फोन धरून पाहत होती. "काय लिहून राहिला तो?" मी वाचून दाखवलं, सगळं, आपल्या बोलीत. तिनं फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "माह्याबद्दल लिहिलं नं? मंग मले समजन असं लिहाले काय झालं त्याले?"

मी तिचं वाक्य जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. तू मला वेगळा फोन केलास आणि पहिलं वाक्य काय बोललास? "अगं, तू तिला कशाला वाचून दाखवलंस?" आईचा हात कसा आहे, हे तू नंतर विचारलंस. अजूनही तिच्या वाक्याला तुझं उत्तर आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवाबत्तीच्या वेळी फोन वाजला. तुझे चौकोन. मी रागानं फोन पालथा घालणार होते, पण आईनं तो माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि हसली. "उठला वाटते पोरगा," म्हणाली, आणि एका हातानं काडी ओढता येत नव्हती म्हणून मला दिवा लावायला सांगितलं.

आपण कुठंही राहिलो तरी आपलं घर अमरावतीला आहे, दादा, कारण आपण एक दिवस दिसलो नाही तर तिथं कुणाचा तरी जीव खालीवर होतो. आईचं असं घर कुठं आहे, ते तू मला सांग. आणि तिला समजेल असं सांग.