उद्दिष्ट साध्य झाले नाही

तुमचा बीपी मोजणाऱ्या सिस्टरला तुम्ही कधी विचारलंत का, की ड्यूटी संपल्यावर ती घरी जाऊन काय करते? मी विचारलं नव्हतं. ती माझ्याच घरात राहत होती, माझी वहिनी होती, तरीही नाही. मला वाटायचं, घरी आल्यावर ती भाकरी करते. भाकरी ती करतच होती. पण पिठाच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा असायचा आणि त्यातून तिचाच आवाज यायचा. आदल्या दिवशी मोठ्यानं वाचून रेकॉर्ड केलेला धडा ती दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना ऐकायची. अडखळत वाचलेलं इंग्रजी, आणि त्यात मधेच आलेलं "बघा की कुणी, दूध उतू चाललंय."

आम्ही चाकूरचे. लग्न होऊन आली तेव्हा वहिनी एएनएम होती. म्हणजे गावोगाव फिरून लसी टोचणारी, बाळंतपणं करणारी सिस्टर. पुढे लेक दोन वर्षांची असताना तिला माझ्या आईजवळ ठेवून ती लातूरला राहिली आणि जीएनएम झाली, म्हणजे पूर्ण नोंदणी असलेली नर्स. मग तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात लागली. एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. तिनं दूरशिक्षणातून नर्सिंगच्या पदवीला नाव घातलं. पुस्तकं टपालानं घरी यायची आणि ठरलेल्या रविवारी नांदेडच्या अभ्यासकेंद्रात वर्ग भरायचे.

आमच्या घरात वडिलांनी आयुष्यभर चळवळीची पत्रकं छापली आणि वाटली. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच. उरलेले गठ्ठे माळ्यावर पडून होते. एक दिवस वहिनीनं ते खाली काढले तेव्हा मला फार आनंद झाला, की ही आता वाचणार. तिला पाठकोरे कागद हवे होते. महिनाभरात घरभर असे कागद दिसू लागले, ज्यांच्या एका बाजूला 'समान कामाला समान दाम' आणि दुसऱ्या बाजूला मूत्रपिंडाची आकृती. मला वाटतं, आमच्या पत्रकांचा इतका उपयोग त्याआधी कुणी केला नव्हता.

डॉक्टर व्हायला लातूरला येणाऱ्या पोरांचे फोटो चौकाचौकात लागतात, कितवा आला त्या आकड्यासकट. त्या पोरांबद्दल माझी तक्रार नाही. पण संसार, ड्यूटी आणि लेकीची शाळा सांभाळून पदवी घेणाऱ्या बाईचा फोटो मी अजून एकाही चौकात पाहिलेला नाही. तिला आपण "ए सिस्टर" म्हणून हाक मारतो आणि सलाईन संपली म्हणून ओरडतो. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं.

कोरोनाच्या ड्यूटीत तिची दोन वर्षं वाया गेली. त्यामुळे पदवीच्या नोंदणीची मुदत संपायच्या आत एकच परीक्षा उरली होती. तिला बसता आलं नाही, तर सगळं पहिल्यापासून. आणि बसायचं तर एक फाईल पुरी करून तिच्यावर केंद्रातल्या मॅडमची सही घ्यायची होती. गावातली एक गरोदर बाई निवडायची, काही महिने तिच्या घरी जायचं, आणि लिहायचं: अडचण काय, उद्दिष्ट काय, आपण काय केलं. शेवटच्या रकान्यात उद्दिष्ट साध्य झालं की नाही.

अशा फायली नांदेडला केंद्राजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायच्या. नाव आणि गाव बदललं, आपल्या अक्षरात उतरवून काढली, की झालं. त्या फायलींतल्या प्रत्येक बाईचं रक्त वाढायचं, प्रत्येक जखम भरून यायची. मराठवाड्यातले इतके ठणठणीत रुग्ण मी फक्त त्याच दुकानात पाहिले.

मी तेव्हा नांदेडच्याच केंद्रातून एम.ए. करत होते, त्यामुळे रविवारच्या एसटीत बऱ्याचदा आम्ही दोघी असायचो. अहमदपूरला वहिनीच्या वर्गातली एक सिस्टर चढायची. जागा धरून ठेवली नाही म्हणून आधी भांडायची, मग डब्यातली शेंगाची चटणी वाटायची.

"झाली का गं तुझी केस लिहून?" तिनं एकदा विचारलं.

"चालू हाय अजून," वहिनी म्हणाली.

"अजून? माझी बाई तर कवाच बरी झाली. झेरॉक्सवाल्यानं डिस्चार्ज बी देऊन टाकला तिला."

वहिनी हसली. "माझी हाय तिथंच हाय."

तिची बाई म्हणजे डाळमिलमध्ये डाळ निवडणारी, सहाव्या महिन्यातली एक सून. हिमोग्लोबिन आठ; ते दहावर न्यायचं, हे उद्दिष्ट. वहिनीनं पुस्तकातल्याप्रमाणे सगळं केलं. लोहाच्या गोळ्या दिल्या, "जेवल्यावर घ्यायची" म्हणून सांगितलं, पालेभाज्यांचं सांगितलं, दर भेटीला रिकामी पाकिटं मोजली. गोळ्या संपत होत्या. रक्त वाढत नव्हतं. चौथ्या भेटीला वहिनी वैतागून सासूला म्हणाली, "गोळी खाती का फेकती हो तुमची सून?"

सासू ओट्यावर शिलाई मशीन चालवत होती. तिनं पायडल थांबवलं. "फेकती कायकू? सुबू चाय के साथ खाती ना. सात बजे मिल का भोंगा होता, खाना कब खाती वो?"

चहासोबत लोहाची गोळी घेतली की ती अंगाला फारशी लागत नाही. वहिनीला हे पाठ होतं. "चहासंगं घेती हे मला सांगायचं न्हाई का?"

"तुम पूछेच कब?" म्हातारी म्हणाली आणि पुन्हा मशीन चालू केलं.

त्या संध्याकाळी वहिनी पिठाच्या डब्याशेजारी नुसती बसून होती. मोबाईल बंद. मग उठून तिनं त्या बाईच्या घरी पुन्हा चक्कर मारली, गोळीची वेळ बदलून रात्रीच्या जेवणानंतरची केली, आणि पुढच्या तपासणीतही आकडा हलला नाही तेव्हा तिला लातूरला पाठवून सलाईनमधून लोह द्यायची सोय केली. पण फाईल द्यायची तारीख त्या तपासणीच्याही आधी आली. शेवटच्या रकान्यात वहिनीनं लिहिलं: उद्दिष्ट साध्य झाले नाही. आणि खाली कारण: रुग्ण गोळी केव्हा व कशासोबत घेते हे मी विचारले नाही.

सहीच्या दिवशी मी केंद्राच्या दाराशी उभी होते. मॅडमपुढे रांग होती. पानं उलटायची, शेवटचा रकाना बघायचा, सही. वहिनीच्या फाईलवर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय लिहिलंय, सिस्टर? साध्य झाले नाही?"

"हो मॅडम. वाढलं न्हाई."

"अहो, ही फाईल बाहेरचे परीक्षक बघतात. त्यात स्वतःचीच चूक कुणी लिहितं का? पुढच्या रविवारी दुरुस्त करून आणा. अशी मी सही करणार नाही."

परतीच्या एसटीत अहमदपूरची सिस्टर म्हणाली, "आकडाच बदलायचा हाय ना? आठाचं दहा कर. दहा काय कुणाच्या बापाचं हाय?"

घरी आल्यावर मीही तेच म्हणाले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहायला हवं. ज्या घरात मी खरं बोला म्हणणाऱ्या पत्रकांच्या घड्या घालत मोठी झाले, त्याच घराच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी म्हणाले, "वैनी, एका ओळीसाठी एवढी वर्षं पाण्यात घालू नका. व्यवस्था बदलायची तर आधी तिच्या आत जावं लागतं. आत जा, मग लढा."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, हे तुमच्या कोणत्या पत्रकात छापलंय?"

आई कोपऱ्यातून म्हणाली, "काय लिवायचं ते लिवा दोघी, पर डाळ करपून राहिली."

वहिनीनं डाळ उतरवली. मग सांडशी हातात तशीच धरून म्हणाली, "दवाखान्याच्या रजिस्टरात आठ मीच लिवलंय. माझ्या हातानं. आता फायलीत दहा लिवू? मंग तिच्या अंगात रगत कोणतं धरायचं, रजिस्टरातलं का फायलीतलं?"

"पण परीक्षा?"

"परीक्षेची मला बी भीती हाय. रात्री झोप न्हाई लागत." तिनं सांडशी खाली ठेवली. "पर त्या केसमधी मी एकच नवी गोष्ट शिकले. तीच खोडून नर्सिंगची पदवी घ्यायची म्हणजे अवघड हाय बघा."

 

पुढच्या रविवारी तिनं तीच फाईल नेली. शेवटचा रकाना जसाच्या तसा. फक्त त्याच्यामागे एक पान जोडलं होतं: गोळी चहासोबत घेतली जात होती, मिलचा भोंगा किती वाजता होतो, गोळीची वेळ कशी बदलली, बाईला लातूरला कधी पाठवलं, आणि दवाखान्याच्या रजिस्टरातल्या नोंदीची झेरॉक्स. त्या दुकानात तिनं केलेली ती एकमेव झेरॉक्स.

मॅडमनी रकाना बघितला आणि चष्मा काढला. "तुम्ही बदललं नाही."

"मॅडम, पुढची तपासणी पण झाली. अजून आठच हाय. काय बदलू?"

"मी सही केली नाही तर काय होईल, माहीत आहे ना?"

"हो मॅडम. मुदत संपती."

पदराचं टोक वहिनीनं मुठीत घट्ट धरलं होतं. मागची रांग चुळबुळ करू लागली. मॅडमनी मागचं पान उलटलं, मग पुढचं, मग चक्क पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. त्या दिवसभरात त्यांनी पहिल्या पानापासून वाचलेली ती एकच फाईल असावी. रांगेतली एक बाई खाली बसली. सहीसाठी थांबलेली अहमदपूरची सिस्टर माझ्या कानात म्हणाली, "आता वाचत बसल्या तर आपलं काय खरं न्हाई."

बऱ्याच वेळानं मॅडमनी विचारलं, "गोळ्यांची पाकिटं रिकामी होती ना? मग तुम्हाला शंका कधी आली?"

"मला आली न्हाई मॅडम. सासूनं सांगितलं."

"हेही लिहा," मॅडम म्हणाल्या. "सासूनं सांगितलं, हे लिहा. तुम्ही शोधून काढल्यासारखं वाटतंय पानावर."

वहिनीनं उभ्या उभ्याच ती ओळ लिहिली. मॅडमनी सही केली आणि पुढची फाईल ओढली.

वहिनी पास झाली. फाईलला मात्र तिला अहमदपूरच्या सिस्टरपेक्षा कमी गुण पडले. झेरॉक्सवाल्याची बाई माझ्या वहिनीच्या बाईपेक्षा भारी ठरली. मी संतापले, तक्रारीचा अर्ज लिहायला बसले, तिच्यासमोर दोन परिच्छेद वाचूनही दाखवले. ती म्हणाली, "राहू द्या ताई. तुमची भाषा चांगली हाय, पर मला दुपारची ड्यूटी हाय." आणि गेली. डाळमिलमधली ती सून पुढे लातूरला बाळंत झाली, मायलेकरू दोघं नीट आहेत. म्हातारीनं बाळाची झबली शिवली आणि त्यातल्या उरलेल्या कापडाची एक पिशवी वहिनीला दिली.

अर्ज मी दिला नाही. त्याऐवजी हे लिहिलं, कारण मला ते मॅडमना सांगायचं नाही, तुम्हाला सांगायचं आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणी नर्स नोकरी करून शिकत असेल, तर या आठवड्यात तिच्या फाईलमधली एक केस तिच्याकडून वाचून घ्या. शेवटपर्यंत ऐका. त्यात कुठं 'साध्य झाले नाही' असं आलं, तर ते खोडायला सांगू नका. का झालं नाही, एवढं विचारा, आणि तिचं सांगून होईपर्यंत चुलीवरची डाळ तुम्ही बघा.