खोगीर चढलं की पाणी बंद

सक्करदऱ्याला आमच्या घरी वरातीची घोडी होती. घोडी वडिलांची, लगाम धरून पुढे चालणारा मी. घरचा एक नियम होता, खोगीर चढलं की पाणी बंद. नवरदेव पाठीवर असताना घोडी मुतली तर वऱ्हाडी हसतात आणि नवऱ्याची आई अपशकुन म्हणून रडते. वरात तास-दीड तासाची, तेवढी तहान घोडी सोसायची.

त्या वर्षी माघातच वैशाखाचं ऊन पडलं होतं. नरखेडकडे, बहिणीच्या गावात लग्न होतं. वडिलांचे गुडघे धरलेले, म्हणून टेम्पोत घोडी घालून मी एकटाच गेलो. वरात नीट पार पडली. दुसऱ्या दिवशी गावकरी रानडुकरांच्या शिकारीला निघणार होते. डुकरांनी संत्र्याची नवी कलमं उकरून ठेवली होती, त्यामुळे वनखात्याचा परवाना काढून बंदूकवाला बोलावला होता. बहिणीचा नवरा मला चिडवायची संधी कधी सोडत नाही. म्हणाला, "लोकाइले बसवता बसवता बुढा होशीन गा. उद्या तूच बस."

खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. जन्मभर दुसऱ्यांना बसवलं, आपण पायीच चाललो. वडिलांना न विचारता सकाळी सातला मी खोगीर चढवलं आणि नवरदेवासारखा ऐटीत बसलो. घोडीसमोरची भरली बादली त्याआधीच हातानं सवयीनं बाजूला सारली होती.

हाकारे कपाशीच्या पऱ्हाटीतून डुकरं उठवत होते, मी बांधाच्या कडेनं घोडी पळवत होतो. बँड आणि फटाक्यांत आयुष्य गेलेली ती, बंदुकीच्या बारालाही दचकली नाही. लोक वाहवा करत होते आणि मी फुगत होतो. अकराच्या सुमारास एका विहिरीवर मोटर सुरू दिसली, हौद भरून वाहत होता. घोडीनं मान तिकडे वळवली. मी लगाम खेचला. तिनं पुन्हा वळवली, मी पुन्हा खेचला. खोगीर चढलंय, आता पाणी नाही, एवढंच डोक्यात. कुठला नवरदेव अन् कुठलं वऱ्हाड, पाठीवर मीच तर होतो.

डुकरं निसटली. दुपारी एकला घोडीचा घाम अचानक आटला, पाय लटपटले आणि ती मोसंबीच्या झाडाखाली कोसळली. तेव्हा मी बादली घेऊन धावलो. तिनं तोंडही लावलं नाही. जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत ती गेली होती.

वडिलांना फोनवर शिकारीचं आणि घोडी गेल्याचं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी पाजलं होतं ना गा तिले?"

मी म्हटलं, पाजलं होतं.

ते म्हणाले, "मंग माहीच चूक. वय झालं होतं तिचं. मीच तिले पाठवाले नाही पाहिजे होतं."

त्यानंतर त्यांनी घोडी ठेवली नाही. कुणी कारण विचारलं की सांगतात, म्हातारं जनावर कामाला जुंपलं आणि मी मारलं. तिला शिंगरू असल्यापासून वाढवणाऱ्या माणसाच्या माथी मी तिचं मरण मारलंय, याची मला फार लाज वाटते. तरी ते बोलत असतात तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून मान हलवतो.