खालच्या फळीची साक्ष

मी पोचलो तेव्हा गायकवाडकाकांची पुस्तकं सुतळीने बांधून दारात ठेवलेली होती. संध्याकाळी रद्दीवाला येणार होता.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, म्हणजे इमारतींची तब्येत तपासतो. चारकोपच्या त्या सोसायटीत काकांच्या खाली राहणाऱ्या परबबाईंच्या हॉलमध्ये छताचं प्लास्टर पडलं होतं. माझ्या आधीच सगळ्यांनी निकाल देऊन टाकला होता: वर चार कपाटं पुस्तकं, दुसरं काय होणार?

"तुकडा माझ्या खुर्चीत पडला," परबबाई म्हणाल्या. "चहा आणायला उठले म्हणून वाचले. उद्या अख्खं कपाट डोक्यात येईल."

त्यांची भीती खोटी नव्हती.

काका रिटायर्ड क्लार्क. त्यांच्या गावच्या शाळेत एक पुस्तक अख्ख्या वर्गात फिरायचं. स्वतःचं पुस्तक ही काय चीज आहे ते त्यांनाच विचारावं. मुलगा नीलेशने त्यांच्यासाठी टॅब आणला होता.

"पप्पा, सगळं यात मावतं."

"मावतं रे. पण समोर दिसत नाही ना. काय वाचायचं राहिलंय, याची आठवण कोण करून देणार?"

काका मला तिथेच आवडले. पण आवडीनिवडीवर रिपोर्ट लिहिता येत नाही.

आणि कपाटं उभी होती चक्क हॉलच्या मधोमध, पाठीला पाठ लावून. स्लॅब खाटेसारखा असतो, मध्ये सगळ्यात जास्त वाकतो. वजन ठेवायचं तर भिंतीलगत, जिथे खाली बीम असतो. मनात म्हटलं, काका, तुमचं काही खरं नाही.

"कपाटं मध्ये कशाला?"

"जरा जागा बदलली," काका पुटपुटले.

खाली जाऊन छत हातोडीने ठोकून पाहिलं. कपाटांच्या बरोबर खाली आवाज खणखणीत. पोकळ आवाज येत होता तो बाथरूमच्या भिंतीजवळ, आणि प्लास्टरही तिथलंच पडलं होतं. आतल्या सळया गंजल्या होत्या. गंजलेली सळई फुगते आणि प्लास्टरला बाहेर ढकलते. पण गंजायला पाणी लागतं. ते कुठून आलं?

पुन्हा वर गेलो, परबबाईही मागोमाग आल्या. हॉलमध्ये बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला नवा कोरा रंग. मी दारातला एक गठ्ठा सोडला. खालच्या फळीवरची पुस्तकं होती. पानं लाटांसारखी, कडांना तपकिरी डाग.

"काका, ही आधी त्या भिंतीला होती?"

काका गठ्ठ्याकडे बघत म्हणाले, "ओल यायला लागली. पुस्तकं खराब होत होती, म्हणून कपाटं मध्ये ओढली आणि भिंतीला रंग मारला."

"सोसायटीला नाही सांगितलं?"

"ओल पुस्तकांना लागली होती. सोसायटीला काय सांगायचं?"

मला हसू आवरेना. परबबाईंना मात्र अजिबात हसू आलं नाही.

रद्दीवाल्याला परत पाठवलं आणि भिंत फोडली. आतला पाईप झिरपत होता. रिपोर्टमध्ये लिहिलं: दोष पाण्याचा, पुस्तकांचा नाही. मात्र कपाटं पुन्हा भिंतीलाच लावावीत.

नीलेशने टॅब उचलत विचारलं, "म्हणजे पप्पांनी आधीच टॅबवर वाचलं असतं तर कळलंच नसतं?"

"नाही. टॅबला ओल येत नाही."

पाईप बदलला, स्लॅबची दुरुस्ती झाली, भिंत वाळली. परबबाईंनी एकच अट घातली. "दर महिन्याला खालच्या फळीची पुस्तकं उघडून बघायची. पान जरा वाकडं दिसलं की मला हाक मारायची." काकांनी आनंदाने मान्य केलं. आता बाई स्वतःच तपासायला वर जातात आणि येताना एखादं घेऊन येतात.

त्यानंतर मी कुठल्याही फ्लॅटमध्ये गेलो की आधी विचारतो, "पुस्तकांचं कपाट आहे का? खालची फळी दाखवा." बहुतेक ठिकाणी लोक मोबाईल पुढे करतात.

मग मी मुकाट्याने हातोडी काढतो.