कलावतीच्या नावावरचे दूध

कल्याणला पारनाक्याच्या मागे राघो पाटलांच्या ओळीने सहा खोल्या होत्या. तिसरीत मी राहायचो, चौथीत गुणाजी. मी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक आणि गुणाजी भाताच्या वखारीत मापारी. गाड्या आल्या की तो पायलीने भात मापायचा आणि मोठ्याने मोजायचा. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे, अशी बाजाराची रीत. ती त्याच्या जिभेवर इतकी बसली होती की नळावर घागरी भरतानाही तो 'लाभ, दोन, तीन' असेच मोजी.

पायली भरली की तिच्यावरून हात फिरवून वरचे दाणे सपाट करायचे असतात. मापाऱ्याची सारी अब्रू त्या हातात. तो सैल फिरला तर शेतकऱ्याचे नुकसान, घासून फिरला तर व्यापाऱ्याचे. गुणाजीचा हात दोघांनाही चालत असे. बाकी त्याच्यात डोळ्यांत भरण्यासारखे काही नव्हते. उंचीने बेताचा, बोलायला कमी. भुवयांवर भाताचा भुसा कायम बसलेला, त्यामुळे तो तिशीतच म्हातारा दिसायचा.

त्याची बायको कलावती मुरबाडच्या पलीकडे गावी, सासूजवळ. लग्नाला चार वर्षे झाली होती आणि त्यातले चार महिनेही ती दोघे एकत्र राहिलेली नव्हती. खोलीचे भाडे एकट्याला झेपत नाही, म्हणून गुणाजीने दौलत नावाचा जोडीदार घेतला होता. दौलत रेल्वेत फिटर. अंगाने तालमीतला, आवाजाने दारापलीकडचा. रोज पहाटे जोर काढायचा आणि पावशेर दूध न तापवताच प्यायचा.

"गुण्या, तू दाणे मोजून मोजून वाळलास. माणसानं दूध प्यावं," तो म्हणे.

"पी बाबा. दोघांत एकानं प्यालं तरी पुरे."

भाडे, रॉकेल आणि वाण्याची उधारी निम्मी-निम्मी. चहाचे दूध दोघांत. दौलतचे पावशेर मात्र वेगळे. "माझं मी देईन," असे त्याने पहिल्याच दिवशी छातीवर हात मारून सांगितले होते.

दूध घालायला गंधारे गावाहून आवडाबाई यायची. घरच्या चार म्हशी, डोक्यावर दोन चरव्या, कनवटीला चुन्याची डबी. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. दूध घातले की बोटाला चुना घेऊन ती त्या दाराच्या चौकटीवर एक टिपका काढी. एका पावशेराला एक टिपका. महिना झाला की टिपके मोजायचे, पैसे घ्यायचे आणि ओल्या अंगठ्याने पुसून टाकायचे. गुणाजीच्या चौकटीवर दोन रांगा होत्या. वरची चहाच्या दुधाची, खालची दौलतची.

आवडाबाई गिऱ्हाईक माणसावरून ओळखत नसे, भांड्यावरून ओळखे. चाळीत बिऱ्हाडकरू बदलत, पाहुणे राहत, दारात कधी कोण उभे राहील याचा नेम नसे. भांडे मात्र तेच असे. त्यामुळे पोचेवाला डबा, कडीचे पातेले, लांब गळ्याची लोटी अशी तिची खाती चालत. गुणाजीच्या खोलीतून रोज एक पितळी तांब्या पुढे यायचा आणि त्यावर नाव घातलेले होते. एकदा तिने तो माझ्यासमोर धरला.

"मास्तर, काय लिवलंय ह्याच्यावं?"

मी वाचले, "कलावती हिस मामाकडून."

लग्नात मामाने दिलेला तो तांब्या कलावतीनेच नवऱ्याच्या बिऱ्हाडासाठी पाठवला होता. मी वाचले आणि विसरलो. आवडाबाई विसरली नाही. त्या दिवसापासून चौथ्या खोलीचे खाते कलावतीचे झाले. दारात गुणाजी आला काय किंवा दौलत आला काय, ती म्हणायची, "कलावतीला सांग, ह्या मयन्याचं ऱ्हायलंय." एकदा तर तिने काळजीने विचारले, "बाई हातरुणाला खिलली हाय का रं? कदी दारात नाय दिसली ती."

जूनमध्ये दौलतची भुसावळला बदली झाली. निघताना त्याने गुणाजीला उचलून गरकन फिरवले, पुढल्या पगाराला मनिऑर्डर करतो म्हणाला आणि ट्रंक खांद्यावर टाकून गेला. तो गेल्यावर एकेक गोष्ट कळू लागली. दोन महिन्यांचा भाड्याचा निम्मा हिस्सा त्याने पाटलांना दिलाच नव्हता. वाण्याकडे चौदा रुपये. आणि चौकटीवर खालच्या रांगेच्या चार रांगा झालेल्या. एकशे अठरा टिपके, प्रत्येकी तीन आणे.

गुणाजीने दोन कार्डे लिहिली. एकाचे उत्तर आले. त्यात भुसावळच्या उन्हाचे वर्णन होते आणि शेवटी 'पुढल्या पगाराला नक्की'.

गुणाजी चिडला नाही. त्याच्या मनात दुसरेच चालले होते. खोली आता एकट्याची झाली होती. आईची अट ठाऊक होती: स्वतःची खोली असेल आणि कुणाचे देणे नसेल, तेव्हा सुनेला पाठवीन. भात कापून झाला की कलावतीला घरी काम नव्हते. त्याने घाईघाईने आईला पत्र लिहिले की खोली मोकळी झाली आहे, देणे कुणाचेही नाही, मार्गशीर्ष संपताना तिला पाठव. पत्र पेटीत टाकून आल्यावर तो माझ्या पायरीवर बसला.

"गुरुजी, मी खोटं लिवलं."

"किती खोटं?"

"एकशे अठरा टिपके. वाणी आणि भाडं धरून अजून जास्त. पण ती येईस्तोवर खरं करीन."

भाडे आणि वाणी गणपतीपर्यंत मिटले. त्यासाठी त्याने विडी सोडली आणि पायातल्या वहाणांना तिसऱ्यांदा तळ लावला. मग टिपक्यांना हात घातला. दर शनिवारी तो आवडाबाईला जमतील तेवढे पैसे द्यायचा, ती तेवढे टिपके पुसायची. कधी पाच, कधी तीन.

दिवाळीआधी पाटलांनी खोल्यांचे रंगकाम काढले. भिंतींना चुना, चौकटींना काळे तेल. रंगारी गुणाजीच्या दारापाशी आला तेव्हा खालच्या रांगांत ऐंशीच्या वर टिपके होते. त्याने तेलाचा बोळा उचलला आणि हसला.

"गवळणीचं खातं ना हे? नशीबवान आहेस. एक हात फिरवतो, खातं खलास. बाई कुठं वहीत लिहितेय?"

मी दारातच होतो. गुणाजी चौकटीकडे बघत राहिला. भरलेल्या पायलीकडे हात फिरवण्यापूर्वी तो असाच बघायचा. रंगाऱ्याने थांबून एक विडी ओढून संपवली, तरी हा तसाच.

"उजवी बाजू मार," शेवटी तो म्हणाला. "डावी राहू दे."

"का रे?"

"मोजलेलं आहे ते."

त्या दिवाळीत सगळ्या चाळीच्या चौकटी काळ्याभोर चकाकत होत्या आणि चौथ्या खोलीची तेवढी अर्धी चौकट मळकी होती. पाटील जाता-येता कुरकुरले. नंतर नवा भात बाजारात आला, वखारीत काम वाढले, मापाईचे चार पैसे जास्त मिळू लागले. टिपके भराभर कमी झाले. मार्गशीर्ष संपेपर्यंत एकही उरणार नाही असा हिशेब त्याने मला बोटांवर करून दाखवला. इतका खुललेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

पण कलावती तीन आठवडे आधीच आली. कापणी लवकर आटोपली, गावचा कुणी एस.टी.ने कल्याणला येत होता, सासूने तिला त्याच्याबरोबर धाडले. संध्याकाळी ती दारात उभी राहिली तेव्हा गुणाजी वखारीतून नुकताच आला होता. अंगावर भुसा, हातात रिकामी पिशवी. तो चौकटीच्या डाव्या बाजूला पाठ लावून उभा राहिला आणि तसाच राहून तिला म्हणाला, "आत ये की."

सकाळी आवडाबाई आली. कलावती तांब्या घेऊन बाहेर गेली. मी पायरीवर दात घासत होतो. आवडाबाईने तांब्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. चरवी खाली ठेवली.

"तूच का गं कलावती?"

"हो. तुम्हाला कसं ठाऊक?"

"अगं, वर्सभर तुज्या नावावं दूध घालतंय मी! बरी हायस ना? मला वाटलं, बाई हातरुणातून उठत नाय." मग चौकटीकडे बोट करून ती म्हणाली, "तुजे बावीस ऱ्हायलंत बग. घाई नाय, पन ऱ्हायलंत."

कलावती चौकटीकडे वळली. गुणाजी आतून बाहेर आला होता. त्याच्या तोंडाला साबणाचा फेस तसाच होता.

"माझ्या नावावर बावीस?" ती हळू म्हणाली. "मी तर इथं एक घोटही प्यायले नाही. कोण प्यालं?"

"दौलत," गुणाजी म्हणाला. मग त्याने सगळे सांगितले. जून, भुसावळ, एकशे अठरा, रंगारी. तो मोजल्यासारखे एकामागून एक सांगत गेला आणि आईला लिहिलेल्या पत्रापाशी थांबला.

"ते पत्र मीच वाचून दाखवलं सासूबाईंना," कलावती म्हणाली. "देणं कुणाचंही नाही, हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं."

"मग आता? परत जातेस?"

आवडाबाई चरवी उचलायचे विसरून उभी होती. कलावतीने तांब्या फिरवून त्यावरचे स्वतःचे नाव पाहिले आणि तो पालथा करून उंबऱ्यावर ठेवला.

"मावशी, आठ दिवस दूध नको. आम्ही कोरा चहा पिऊ. त्याचे पैसे ह्यात धरा." मग नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "सासूबाईंना खरं काय ते मी लिहीन. पण सगळे पुसून झाल्यावर. आणि तोंड धुवा आधी, पाहुण्यासारखे काय उभे राहिलात!"

आवडाबाई मोठ्याने हसली. जाता जाता तिने अंगठा जिभेला लावून दोन टिपके पुसले.

"ते कसले?" गुणाजीने विचारले.

"ते दोन दिस दुधात पानी जास्ती झालतं. मोजाया बसलास, तर माजंबी मोज."

आठ दिवसांचा कोरा चहा आणि एक शनिवारचा पगार, एवढ्यात चौकट साफ झाली. उरलेल्या बाजूला गुणाजीनेच काळे तेल लावले. ते उजव्या बाजूइतके काळे कधी झाले नाही. त्याच रविवारी कलावती तांब्या घेऊन पारनाक्यावर भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडे गेली. परतल्यावर तिने तो मला वाचायला दिला. 'कलावती हिस मामाकडून', आणि त्याखाली नव्या, चकचकीत अक्षरांत, 'गुणाजी'.

"चार आणे घेतले मेल्यानं," ती म्हणाली. "पण यापुढं काही राहिलंच, तर दोघांच्या नावावर राहील."

आत गुणाजी तांदूळ निवडत बसला होता. त्याने मान वर केली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाई दूध घालायला आली तेव्हा दारात तांब्या घेऊन तोच उभा राहिला आणि ती नवे नाव वाचता येत नसूनही त्यावर बोट फिरवत राहिली, तितका वेळ त्याने तांब्या तसाच धरून ठेवला.