वैनगंगेच्या रेतीवर वाळवलेला इतिहास

चामोर्शीला बहिणीचे बाळंतपण उरकून मी मूलला परत निघाले. भावाने वैनगंगेच्या घाटावर डोंग्यात (लाकडी होडीत) बसवून दिले. पलीकडे मोटार मिळणार होती. हिवाळ्याचे दिवस. पाणी इतके निवळ की तळाची रेती दिसे, आणि मागे नजर पोचेल तिथवर जंगल.

शेजारी एक म्हाताऱ्या ख्रिस्ती मास्तरीणबाई बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, मांडीवर फडक्यात बांधलेली वही. त्यांच्या मालकांनी मरण्याआधी लिहिलेली. बाई ती चांद्याला छापायला नेत होत्या. दुसरी प्रत नव्हती.

काठाजवळ डोंगा रेतीत टेकला, हिसका बसला आणि वही पाण्यात पडली.

डोंगेवाल्याने ती झटकन काढली. "काऊन रडून राह्यल्या बाई? धानावानी वाळवू ना!" त्याने पाने सुटी करून रेतीवर पसरली, एकेकावर गोटा ठेवला. धान पालटावे तशी मी पाने पालटू लागले, आणि वाचू लागले.

फार जुन्या काळी, समुद्रापलीकडे एक बिशप (ख्रिस्ती धर्मगुरू) होता. राजाने ख्रिस्ती लोकांच्या पोथ्या जाळल्या, माणसे मारली. त्याच्या गुरूलाही तुरुंगात टाकून मारले. मग याने जुनी पत्रे शोधून जशीच्या तशी उतरवली, मेलेल्यांची नावे लिहिली. त्यात एका दासीचेही. मूळ पत्रे आता कुठेच नाहीत, फक्त त्याच्या पुस्तकात आहेत.

पुसलेल्या ओळी बाई तोंडपाठ सांगत गेल्या. त्यांच्याच पेन्सिलीने मी कोऱ्या पानांवर लिहीत गेले. परक्यांसमोर मी कधी लिहिले नव्हते. मोटारीने भोंगा वाजवला. मी उठले नाही. ती गेली.

राहिले पहिले पान. लिहिणाऱ्याचे नावच धुऊन गेले होते.

"नाव सांगा, बाई."

बाईंनी पदर पुढे ओढला.

डोंगेवाला हसला. "इतक्या लोकायची नावं पटापट घेतली, अन् मालकाचं घ्याले लाजता?"

"आमच्यातही घेत नाई, भाऊ."

"मंग बिननावाचंच छापता का?"

बाईंनी वाकून ओल्या रेतीवर बोटाने मोठी अक्षरे काढली. मी ती पाहून वहीत उतरवली.

"लिहिलंस?"

"हो."

त्यांनी तळहाताने रेती सारखी केली.

दुसऱ्या मोटारीने मी मूलला पोचले. आपण लिहिले नाही तर हे नाव जगातून जाईल, असे त्या बिशपाला रोज वाटत असेल. मला एकदाच वाटले, तर अजून छाती धडधडते.