फ्रिजचा डबा आणि मामाजी

छापलेल्या अक्षरावर आमच्या मामेसासऱ्यांइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या माळव्यात दुसरा सापडायचा नाही. लग्नाची पत्रिका आली की ते आधी हॉलवर फोन करून मुहूर्त विचारतात. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' असं लिहिलेलं असलं तर एकदा न हलवता घेऊन पाहतात. विजय नगरातल्या ज्या लहानशा कंपनीत ते मला चिकटवून देऊन माझे वरिष्ठ झाले, तिथे चिपबरोबर हजार-हजार पानांची पुस्तकं येत. मामाजी ती मागून उघडत, कारण मागे कंपनीनं स्वतःच्याच चिपमधल्या चुकांची यादी दिलेली असते. "माणूस चूक कबूल करतो तिथूनच त्याला वाचायला घ्यावं, जावईबापू," असं ते भर ऑफिसात म्हणाले आणि तेव्हापासून आमचा चहावालाही मला जावईबापू म्हणतो.

त्यांचा दुसरा नेम म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्कूटर सुरू झाली नाही तर प्लग बदलून किक मारणार, मग जुना प्लग परत लावून किक मारणार आणि त्यानंतरच पेट्रोल आहे का ते बघणार. डोकं दुखलं तर चहा किंवा गोळी, दोन्ही एकदम नाही, नाहीतर कशानं थांबलं ते कळायचं कसं? मामी म्हणतात, यांचं डोकं दुखायला लागलं की अर्ध्या तासात घरातल्या सगळ्यांचं दुखतं.

आमची कंपनी लसींच्या फ्रिजला लावायचा डबा बनवते. डबा दर थोड्या वेळानं फ्रिजचं तापमान टिपून ठेवतो. टिपतो ती जागा म्हणजे फ्लॅश, वीज गेली तरी लिहिलेलं न विसरणारी. तिच्यावर लिहिणारा एक कारकून चिपमध्येच बसलेला असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात, आणि त्याच्याशी कसं बोलायचं ते सांगणारा प्रोग्रॅम आम्ही लिहितो, तो ड्रायव्हर. चार-पाच वर्षांनी चिपची नवी पिढी येते आणि कारकून बदलतो. मामाजींनी तीन पिढ्या पाहिल्या होत्या. प्रत्येकीचा स्वभाव त्यांनी एका वहीत, मुलगी बघून आल्यासारखा, टिपून ठेवला होता. हट्टी आहे, उन्हात चिडते, असं.

तिसऱ्या पिढीचे डबे बाहेर गेले आणि काही महिन्यांनी मानपूरच्या पुढच्या एका धर्मादाय दवाखान्यातून तक्रार आली. फ्रिजच्या नोंदींमध्ये मधले तासच्या तास कोरे होते. तिथल्या सिस्टरनं नियमाप्रमाणे लसी फेकून दिल्या, पण संस्थेच्या लोकांना वाटलं, बाईनंच फ्रिज बंद ठेवला असणार आणि ती आता डब्याचं नाव पुढे करतेय. सोमवारी चौकशी होती. नोकरी जायची वेळ होती. सिस्टर फोनवर मामाजींना एवढंच म्हणाली, "सरजी, मैंने बटन को हाथ भी नहीं लगाया." छापलेल्या कशावरही विश्वास न ठेवणारे मामाजी फोन ठेवून म्हणाले, बाई खरं बोलतेय, डबा खोटा बोलतोय.

त्यांनी तोच डबा मागवून घेतला आणि कुणालाही त्याची आठवण पुसू दिली नाही. आमच्या टेबलावरचे कोरे डबे मात्र छान चालत होते. रोज एकच गोष्ट बदलायची आणि दिवसभर बघत बसायचं, असं सुरू झालं. गुरुवार उजाडला तरी काही हाती लागेना. मालक येऊन उसासे टाकून जात. शेवटी मीच म्हटलं, तीन गोष्टी एकदम बदलून टाकू या, डबा चालू तर होईल.

"होईल," मामाजी म्हणाले, "पण बिगडला का होता, ते कोण सांगणार? त्या सिस्टरला चालू डबा नकोय, जावईबापू. तिला वजह हवीय."

शुक्रवारी दुपारी ती वजह सापडली. कोरी फ्लॅश भरत असते तोवर सगळं ठीक असतं. ती पूर्ण भरली की लिहिण्याआधी जुनं पान पुसावं लागतं. पुसायला सांगितलं की कारकुनानं लगेच 'मी कामात आहे' अशी खूण करायची असते. हा नवा ती खूण क्षणभर उशिरा करत होता. तेवढ्यात आमचा ड्रायव्हर त्याला मोकळा समजून पुढची नोंद पुढ्यात टाकायचा आणि ती सरळ हवेत जायची. मामाजींनी वही काढली. पहिल्या पिढीच्या पानावर लिहिलं होतं, हो म्हणते, पण जरा वेळानं कामाला लागते. आजोबांची खोड नातवात उतरली होती. त्या खोडीसाठी मामाजींनी फार पूर्वी ड्रायव्हरमध्ये 'जरा थांब' सांगणारी एक ओळ घातली होती. आता ती तिथे नव्हती.

दुसऱ्या पिढीच्या वेळी ड्रायव्हरची साफसफाई करताना ती ओळ मीच काढली होती. तिच्याशेजारी कशासाठी आहे ते लिहिलेलं नव्हतं आणि चिप तिच्यावाचून उत्तम चालत होती. मामाजींनी ती परत घातली, डबा चालवला, मग परत काढून डबा बिघडवून दाखवला. मला एका शब्दानं काही विचारलं नाही.

मालकांचं म्हणणं, पत्रात 'तांत्रिक कारण' असं गुळमुळीत लिहावं. मामाजींनी साध्या हिंदीत लिहिलं की दोष आमच्या डब्याचा आहे, सिस्टरचा नाही. पुढे स्वतःबद्दल लिहिलं, 'निघालेली ओळ माझी, ती का आहे हे मी लिहून ठेवलं नाही म्हणून ती निघाली, चूक माझी.' खाली सही केली आणि सोमवारी मला घेऊन बसनं दवाखान्यात गेले.

चौकशी दहा मिनिटांत संपली. सिस्टरनं पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "मतलब मैंने जो फेंकीं, वो अच्छी थीं?"

"अच्छी थीं," मामाजी मान खाली घालून म्हणाले.

तिनं रजिस्टर काढलं आणि लस नाही म्हणून परत पाठवलेल्या बायकांची गावं शोधायला लागली. मामाजी तिच्याशेजारी बसून नावं उतरवून देत राहिले. आम्ही निघालो तेव्हा यादी तीन पानांची झाली होती.

परतीच्या बसमध्ये मला राहवेना. मी म्हटलं, "मामाजी, ती ओळ मी काढली होती."

"मालूम है," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "ड्रायव्हरमध्ये कुणी काय बदललं ते नावासकट राहतं ना कॉम्प्युटरवर. मी शुक्रवारीच बघितलं. तुमच्या जागी असतो तर मीपण काढली असती. बेकारच दिसत होती ती."

गेल्या वर्षी मामाजी निवृत्त झाले. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. माझ्या हाताखालच्या मुलीकडून परवा एक ओळ चुकली. मी गिऱ्हाइकाला पत्र लिहायला घेतलं आणि सही कुणाची करायची, हे ठरवायला मला फार वेळ लागला. मामाजींना तो लागला नव्हता.