आप्पांच्या घरची काळी स्क्रीन

दुरुस्तीच्या धंद्यात मशीन गिऱ्हाईक घेऊन जातं आणि किस्सा दुकानात राहतो! शिरूरला माझं कॉम्प्युटरचं छोटं दुकान आहे. सणसवाडीच्या कंपन्या ऑफिसातून काढून टाकतात ते जुने कॉम्प्युटर मी आणतो, त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकतो आणि गावोगाव देतो. लिनक्स फुकट, व्हायरसची कटकट नाही, जुन्या मशीनवरही पळतं. फक्त स्क्रीनचं तेवढं विचारू नका. माझ्याकडे साठलेले निम्मे किस्से तिचेच आहेत, आणि त्यातले सगळ्यात जास्त एकाच घरचे.

दौंड रस्त्याला आतल्या वस्तीवर आप्पा राहतात. त्यांची सून सारिका. एका पतसंस्थेत क्लार्कची जागा निघाली होती, दीड महिन्यावर दौंडला टायपिंगची टेस्ट. सरावासाठी आप्पांनी माझ्याकडून मशीन नेलं. सासूबाईंनी मात्र बजावून ठेवलं होतं, "एकदाच बसू द्या तिला. न्हाई झाली पास, तर परत नोकरीचं नाव काढायचं न्हाई. गोठा हाय, घर हाय."

*

पहिल्याच दिवशी आप्पांचा फोन. "मिस्त्री, तुमचं मशीन काळंच हाय!" मोटर दुरुस्त करणारा आणि मी, दोघेही त्यांच्या लेखी मिस्त्रीच.

मी अर्धा तास फोनवर हे दाबा, ते दाबा केलं. शेवटी गाडी काढून गेलो. मशीनच्या मागे स्क्रीनची वायर लावायला दोन जागा होत्या, आणि यांनी नेमकी चुकीची धरली होती.

"आप्पा, इथं खाली लावायची की!"

"त्याला टोपण व्हतं. टोपण लावलंय म्हंजी हात लावायचा न्हाई, येवढं कळतं आमाला."

धूळ जाऊ नये म्हणून टोपण मीच लावलं होतं. गुपचूप चहा पिऊन परत आलो.

*

पुढे एकदा अपडेट अर्धवट झालं आणि सगळी अक्षरं टपोरी झाली. एका स्क्रीनवर जेमतेम चार ओळी मावायच्या. ग्राफिक कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, उडाला होता. मी वीस मिनिटांत तो बसवला आणि अक्षरं पूर्वीसारखी केली. मोठ्या रुबाबात मागे वळून पाहतो तर आप्पांचा चेहरा पडलेला.

"आता कुठं ह्याच्यावर पेपर चष्म्याबिगर दिसाय लागला व्हता, आन् तुमी बारीक केला व्हय!"

मग आप्पांचं वेगळं लॉगिन काढून त्यात अक्षरं मुद्दाम मोठी करून दिली. माझ्या हातून झालेलं सर्वांत लोकप्रिय काम ते!

*

कधीतरी त्यांच्याकडून कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि स्क्रीनवरचं चित्र आडवं पडलं. मला हे कळलं आठवड्याने, सहज डोकावलो तेव्हा. बघतो तर मॉनिटर स्टँडवरून काढलेला, पेंडीच्या पोत्याला टेकवून कुशीवर उभा. सारिका त्यापुढे बसून निवांत टाईप करतेय!

"आप्पा, मला फोन नाही का करायचा?"

"चित्र फिरलं, आमी डबा फिरवला. त्यात मिस्त्रीचं काय काम?"

मी एक कमांड मारून चित्र सरळ केलं. आप्पा वैतागले. "म्हंजी आता ह्यो परत उचलायचा?"

*

मग चित्राला थरथर सुटली. मी ड्रायव्हर बदलला, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल बदलला, रिफ्रेश रेट बदलला. दोन रविवार त्यात गेले. दुसऱ्या रविवारी आप्पा रानातून आले, क्षणभर स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "अर्थिंगला पाणी कवा घातलंय?"

घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात त्यांनी मिठाच्या पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या. थरथर थांबली!

"आता तुमचं ते कर्नल काय म्हनतंय?" आप्पांनी विचारलं.

*

टेस्टला बारा दिवस उरले आणि मशीनने मला हरवलं. स्क्रीन मध्येच काळी व्हायची आणि पाच-दहा मिनिटांनी मनाला येईल तेव्हा परत यायची. मशीन चालू असायचं, फक्त दिसायचं नाही. मी दुसरं लिनक्स टाकलं, सेटिंग बदलली, कार्ड काढून पुसून बसवलं. काही फरक नाही. दुकानात बदली द्यायला मशीन नव्हतं, आणि हे मला दुकानात नेऊ द्यायला सारिका तयार नव्हती.

"ऱ्हाऊ द्या दादा. बारा दिवस तर हायेत. कळा तर दाबता येत्यात ना?"

सासूबाई दारातून म्हणाल्या, "काळ्या डबड्याम्होरं बसून कोण पास व्हनार हाय?"

मला फार लाज वाटली. पोरीची एकुलती एक संधी माझ्या भंगार मशीनपायी जाणार, असंच वाटत होतं.

*

टेस्टच्या दिवशी मला राहवेना. दुकान बंद ठेवून दौंडला गेलो. एका क्लासमध्ये टेस्ट होती, बारा-पंधरा उमेदवार. छापील उतारा शेजारी ठेवून टाईप करायचा, दहा मिनिटं, पाच चुका माफ. मी आणि आप्पा बाहेर खिडकीशी बाकावर बसलो.

पाचव्या मिनिटाला लाइट गेली. क्लासवाल्यांनी बॅटरीवर मशीन घेतली होती, पण मॉनिटर तिला जोडलेच नव्हते. सगळ्या स्क्रीन एकदम काळ्या!

"सर, गेलं! सर, काय दिसत न्हाई!" पटापट हात वर झाले. सर "थांबा, थांबा" ओरडत इकडून तिकडे पळत होते. त्या गलक्यात एकाच कीबोर्डचा आवाज येत राहिला, टकटक टकटक. आप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं.

लाइट आली तोवर दहा मिनिटं होऊन गेली होती. सर सारिकापाशी गेले. एकदा कागद बघितला, एकदा स्क्रीन बघितली, परत कागद. पूर्ण उतारा. दोन चुका.

"अहो, समोर काहीच दिसत नव्हतं, तर तुम्ही थांबला का नाही?"

सारिका उठून उभी राहिली, पदर सारखा केला.

"सर, घरी तरी कवा दिसत व्हतं?"